द्राक्षाचें देशीपण

एखादें फळ आपलें केव्हां म्हणावें आणि परकें केव्हां, हा प्रश्न वरवर पाहतां वनस्पतिशास्त्राचा वाटतो. परंतु थोडें खोल गेलें म्हणजे तो इतिहासाचा आहे असें दिसून येतें. नागपुरी संत्र्याचेंच उदाहरण घ्या. संत्र्याचें झाड विदर्भाच्या भूमींत आपण होऊन उगवलेलें नव्हे. भोसल्यांच्या राजवटींत तें बाहेरून आणून नागपुरास लावलें गेलें, अशी परंपरा आहे. तरी वरूड-मोर्शीच्या बागाईतदारास ‘तुझें संत्रें परकें आहे’ असें सांगावयास जाणारा मनुष्य हास्यास्पदच ठरेल. मिरची आणि भुईमूग हीं तर समुद्रापलीकडून, अमेरिका खंडांतून, गेल्या चारपांच शतकांत आलेलीं पिकें. पण मिरचीवांचून वऱ्हाडी स्वयंपाकाची कल्पनाहि करवत नाहीं. तेव्हां देशीपण हें केवळ जन्मावर अवलंबून नाहीं, हें उघड आहे. मग तें कशावर अवलंबून आहे?

या प्रश्नाचा विचार करण्यास द्राक्षाइतकें सोयीचें दुसरें फळ क्वचितच सांपडेल. भारतांत जितकीं द्राक्षें पिकतात त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक एकट्या महाराष्ट्रांत पिकतात. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणें या जिल्ह्यांचें अर्थकारण या वेलीभोंवतीं फिरतें. असें असूनहि, ‘तुमच्या देशाचें जुनें पांढरें द्राक्ष कोणतें?’ असें कोणीं विचारलें, तर आपल्यापैकीं बहुतेकांस उत्तर देतां यावयाचें नाहीं. उत्तर आहे, त्या द्राक्षास नांवहि होतें. तें नांव भोकरी. हें द्राक्ष आपल्या बागांत कसें आलें, कसें रुळलें आणि एका पिढीच्या आंत कसें दिसेनासें झालें, याची कथा सांगण्यासारखी आहे.

प्रथम द्राक्षाचा आपल्याकडील पूर्वेतिहास पाहूं. संस्कृत वाङ्मयास द्राक्षाचा परिचय फार जुना आहे. परंतु तो दुरून झालेला परिचय आहे. पाणिनीच्या एका सूत्रावरून सिद्ध होणारे शब्द कापिशी नगरीच्या मधूचा आणि द्राक्षांचा निर्देश करतात. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील प्रदेश. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मद्याचे प्रकार सांगतांना द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून, तें ज्या देशांत होतें त्यांवरून त्याचीं कापिशायन आणि हारहूरक अशीं नांवें दिलीं आहेत. कालिदासाचा रघु दिग्विजयास निघतो तेव्हां द्राक्षांच्या मळ्यांत त्याचे योद्धे श्रमपरिहार करतात. पण ते मळे पारसीकांच्या देशांतले. याचा अर्थ असा, कीं मध्यदेशांतील व दक्षिणेंतील पंडितास द्राक्ष ठाऊक होतें तें मुख्यतः वायव्येकडील फळ म्हणून. आयुर्वेदानें त्यास सर्व फळांत श्रेष्ठ स्थान दिलें. तरी वैद्याच्या बटव्यांत आणि गृहिणीच्या डब्यांत जें द्राक्ष असे तें सुकलेलें, मनुकांच्या रूपांतलें. ताजा घड ही बहुतेक भारतास कित्येक शतकें ऐकण्याची वस्तु होती.

दक्षिणेपुरतें बोलावयाचें, तर द्राक्षवेलीच्या आधीं येथें द्राक्षरसाचे कुंभ येऊन पोंचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नाविकानें लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें सागरी व्यापाराचें वर्णन उपलब्ध आहे. त्यांत भडोचच्या बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी असून तींत द्राक्षमद्याचा समावेश आहे. इटलीचें मद्य तेथें विशेष पसंत करीत, आणि त्याखेरीज सीरियाच्या लाओदिकेया येथील व अरबस्तानांतील मद्यहि येई, असें तो लेखक म्हणतो. याच ग्रंथांत पैठण आणि तेर या आपल्या दोन नगरांचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असें अंतरहि त्यानें दिलें आहे. पुढें नेवासें, तेर इत्यादि ठिकाणच्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडील दोन कानांच्या उंच मद्यकुंभांचे तुकडे सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. अलीकडील संशोधकांनीं हे तुकडे पुन्हां तपासून, त्यांपैकीं पुष्कळसे मेसोपोटेमियांतील निराळ्या घाटाच्या कुंभांचे आहेत, असें दाखवून दिलें आहे. त्यामुळें रोमच्या मद्याचें दक्षिणेंतील प्रमाण पूर्वी मानीत तितकें मोठें राहिलें नाहीं. तथापि तें येत होतें यांत संशय नाहीं.

या प्रसंगीं एका बेटाचें स्मरण होतें. त्या काळीं भारतांत येणाऱ्या रोमन मद्यकुंभांचा जो एक प्रमुख घाट, त्याचें मूळ ग्रीकांच्या कोस बेटांतील कुंभांत आहे. कोसचें मद्य समुद्राचें पाणी घालून करीत व त्याची ख्याति इतकी पसरली होती, कीं केटो या रोमन गृहस्थानें इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकांत लिहिलेल्या आपल्या कृषिग्रंथांत, इटलींतल्या इटलींत कोसचें मद्य कसें बनवावें याची कृति देऊन ठेवली आहे. बेटाचें मद्य प्रसिद्ध झालें. मग तें बेटाबाहेर बनूं लागलें. मग त्याच्या घाटाचे कुंभहि दुसरीकडे भाजले जाऊं लागले. नांव एका ठिकाणचें आणि माल दुसऱ्या ठिकाणचा, हा व्यापाराचा धर्म अडीच हजार वर्षांत फारसा बदललेला नाहीं. आपल्या विषयाच्या शेवटीं ही गोष्ट पुन्हां उपयोगी पडेल.

दक्षिणेंत द्राक्षवेल प्रत्यक्ष फळत असल्याची स्पष्ट साक्ष देतो तो मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. महंमद तुघलकानें १३२७ सालीं आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली आणि त्या नगरास दौलताबाद हें नांव मिळालें, हें सर्वविदितच आहे. तो प्रयोग फसला. पण त्या निमित्तानें उत्तरेकडील व त्याहि पलीकडील माणसें, रीतिभाति आणि अभिरुचि दक्षिणेंत उतरल्या. या घडामोडीनंतर थोड्याच वर्षांनीं दौलताबादेवरून जातांना इब्न बतूतानें तेथें द्राक्षें आणि डाळिंबें होतात व वर्षांतून दोनदां फळतात, असें नमूद केलें आहे. हें ‘दोनदां’ फार महत्त्वाचें आहे. ज्या देशांत हिवाळ्यांत हिम पडतें तेथें द्राक्षवेल पानें झाडून झोपी जाते आणि वर्षाकांठीं एकदांच फळते. दख्खनच्या पठारावर तिला झोप नाहीं. येथें ती बारा महिने वाढावयास पाहते; छाटली कीं फुटते, आणि फुटली कीं फळावयास बघते. त्या परदेशी प्रवाशानें एका वाक्यांत टिपलेलें हें लक्षण पुढें दख्खनच्या साऱ्या द्राक्षविद्येचा पाया ठरलें.

कारण दोनदां फळणें हा वरवर लाभ वाटला तरी वस्तुतः तो पेंच होता. उन्हाळ्याच्या तोंडीं छाटलेल्या वेलीवर जें फळ धरे, तें पावसाळ्यांत पिकावयाचें. म्हणजे आंबट राहावयाचें, नाहीं तर बुरशीनें कुजावयाचें. पावसाळा संपल्यावर छाटलेल्या वेलीचें फळ मात्र कोरड्या हवेंत, निरभ्र उन्हांत पिकून माघ-फाल्गुनांत गोड होई. येथील बागाईतदारांनीं अनुभवानें जो मार्ग काढला तो असा: छाटण्या दोन करावयाच्या, पण पीक एकच घ्यावयाचें. एप्रिलांत वेल खोल छाटावयाची. तिला ‘खरड छाटणी’ म्हणतात. या छाटणीनें येणाऱ्या नव्या काड्या उन्हाळ्याच्या प्रखर प्रकाशांत पक्व होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ तयार होतो. मग आक्टोबरांत त्याच काड्या मोजके डोळे राखून छाटावयाच्या. ही ‘गोडी छाटणी’. या दोन शब्दांत किती पिढ्यांचें निरीक्षण सांठविलेलें आहे, याची कल्पना बाहेरच्या मनुष्यास यावयाची नाहीं. भूमध्य समुद्राच्या कांठीं जन्मलेल्या कोणत्याहि द्राक्षग्रंथांत ही विद्या नव्हती. ती दख्खनची स्वतःची कमाई आहे.

वेलीस आधार देण्याची जुनी रीतिहि अशीच येथली. नाशिककडील जुन्या बागांत द्राक्षवेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवीत. पांगारा सहज रुजतो आणि लवकर वाढतो. त्याच्या फांद्या वेळोवेळीं तोडून वेलीस हवी तेवढीच सांवली ठेवतां येते. आणि शेंगवर्गांतला असल्यामुळें तो जमिनीचा कसहि राखतो. तारांचे आणि लोखंडी खांबांचे मांडव पुढें आले. पण शेतकऱ्याच्या बांधावरचें झाड परक्या वेलीस खांद्यावर घेऊन उभें आहे, हें चित्र मला नेहमींच अर्थपूर्ण वाटत आलें आहे. ही वेल मराठी मातींत कशी रुजली, याचें याहून चांगलें उत्तर शब्दांत देतां येणार नाहीं.

आतां या बागांतील वाणांकडे वळूं. साहेबी, हबशी, फकडी, भोकरी हीं दख्खनच्या जुन्या द्राक्षांचीं नांवें. त्यांपैकीं साहेबी व हबशी हीं नांवें आलीं कोठून तें आपण होऊनच सांगतात; साहेबी या नांवाचें द्राक्ष इराण-अफगाणिस्तानाकडेहि आहे. दौलताबाद-औरंगाबादचे मुसलमानी अंमल आणि त्यांचा वायव्येशीं असलेला संबंध या नांवांत उमटला आहे. भोकरी हें नांव मात्र अस्सल घरचें वाटतें. तें कानावर पडतांच बांधावरच्या भोकराची आठवण होते. या द्राक्षाचे मणी पिंवळसर हिरवे. व्यवहारांत ज्यास ‘पांढरें’ म्हणतात तशा रंगाचे. सालीनें तें जाड, बियांनीं युक्त आणि गोडीनें मध्यम. पण वेल दमदार आणि पीक भरघोस. पांढरी साहेबी चवीनें सरस असली तरी पिकास कृपण होती. भोकरी साधी, पण हात न आंखडणारी. पुणें-नाशिककडील बागाईत दीर्घ काळ उभी राहिली ती मुख्यत्वें या साध्या द्राक्षाच्या जोरावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबई सरकारच्या शेतकी खात्यानें द्राक्षावरील रोगांचे प्रयोग केले, फ्रान्सांत शोधून काढलेलें बोर्डो मिश्रण येथील बागांत आणलें. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेंत डॉ. चीमा यांनीं पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवड करून नवा वाण काढला व तो ‘चीमा साहेबी’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. हीं सर्व त्या जुन्या द्राक्षांचीं सुधारणा करून तींच टिकविण्याची खटपट होती.

येथें क्षणभर थांबून दख्खनच्या या पांढऱ्या द्राक्षाशेजारीं भूमध्य समुद्रांतल्या एका बेटाचें पांढरें द्राक्ष ठेवून पाहूं. ग्रीसच्या दक्षिणेस एजियन समुद्रांत सँटोरिनी नांवाचें बेट आहे. प्राचीन नांव थेरा. इसवी सनापूर्वी सुमारें सोळाशें वर्षांच्या आसपास झालेल्या प्रचंड ज्वालामुखीच्या स्फोटानें त्या बेटाचा मध्यभाग समुद्रांत गेला आणि उरलेल्या कड्यावर राखेचे व हलक्या दगडाचे थर सांचले. पाऊस थोडा, वारा प्रखर, जमीन राखेची. अशा ठिकाणीं ‘असिर्टिको’ नांवाचें पांढरें द्राक्ष होतें. तेथील शेतकरी वेलीस उभी वाढूंच देत नाहीं. काड्या वळवून, विणून, जमिनीसरपट टोपलीसारखें वेटोळें करतो; घड त्या टोपलीच्या पोटांत वाऱ्यापासून व उडत्या रेतीपासून सुरक्षित राहतात, आणि रात्रीं समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेचा ओलावा वेलीस मिळतो. कित्येक दशकांनीं टोपली जीर्ण झाली म्हणजे ती कापून टाकतात व त्याच जुन्या मुळांतून नवी टोपली वाढवितात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्सेरा नांवाच्या कीटकानें फ्रान्ससकट युरोपांतील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि बहुतेक सर्व देशांस अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलमें बांधून नव्यानें आरंभ करावा लागला. सँटोरिनीच्या राखाळ जमिनींत तो कीटक जगूं शकला नाहीं, म्हणून तेथील वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. या द्राक्षाचा विशेष गुण असा, कीं कडक उन्हांत पिकूनहि त्याची आंबट चव मरत नाहीं. म्हणून त्याचें मद्य उत्तम होतें. उन्हांत वाळविलेल्या द्राक्षांपासून होणारें तेथलें गोड मद्य एके काळीं रशियांतील ख्रिस्ती देवळांत पूजाविधीसाठीं जात असे.

दोन्ही ठिकाणचें साम्य लक्षांत येण्यासारखें आहे. दोहींकडे निसर्गानें द्राक्षास अनुकूल अशी भूमि दिलेली नव्हती. दोहींकडे शेतकऱ्यानें स्वतःची युक्ति काढली, एकानें टोपली विणली, दुसऱ्यानें दोन छाटण्या शोधल्या आणि पांगारा लावला. मग भेद कोठें पडला? असिर्टिको आज ग्रीसच्या मुख्य भूमीवर आणि दूर ऑस्ट्रेलियांत जाऊन पोंचलें आहे; भोकरी आपल्याच व्यापारी बागांतून बाहेर पडली आहे.

कोणी म्हणतील, तें द्राक्ष त्या बेटाचें मूळचें, आणि आपलें आलेलें. म्हणून हा भेद. पण हें उत्तर टिकत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय संशोधनावरून असें दिसतें, कीं मनुष्यानें द्राक्षवेल प्रथम माणसाळविली ती सुमारें अकरा हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियांत आणि कॉकेशसच्या प्रदेशांत. म्हणजे लागवडीच्या द्राक्षाचे पूर्वज भूमध्य समुद्राच्या बेटांसहि कोणीतरी केव्हांतरी नेलेलेच आहेत. सिसिली बेटाचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. त्या बेटाचें देशी पांढरें द्राक्ष म्हणून ‘ग्रिल्लो’ची कीर्ति आहे; पण गुणसूत्रांच्या परीक्षेंत असें निष्पन्न झालें, कीं तें ‘कातारात्तो’ आणि ‘झिबिब्बो’ या दोन द्राक्षांच्या संकरांतून झालें आहे, आणि हा संकर एकोणिसाव्या शतकांत सिसिलींतच एका द्राक्षतज्ज्ञ सरदारानें घडविला होता. त्यांतलें झिबिब्बो हें तर अलेक्झांड्रियाचें मस्कत द्राक्ष. त्याचें नांवहि मनुकेच्या अरबी शब्दावरून आलेलें. म्हणजे दीडशें वर्षांचें, अर्ध्या परक्या रक्ताचें द्राक्ष आज त्या बेटाचें देशी भूषण झालें आहे, आणि त्यांत कोणासच कांहीं खटकत नाहीं.

तेव्हां देशीपण जन्मानें ठरत नाहीं; तें सांभाळानें ठरतें. द्राक्षाच्या बाबतींत हा ‘सांभाळ’ अक्षरशः घ्यावयाचा आहे. बीं पेरून द्राक्षाचा वाण जसाच्या तसा उतरत नाहीं. पोटीं निराळेंच लेंकरूं येतें. वाण टिकवावयाचा तर काडी कापून लावावी लागते. त्यामुळें एका वाणाच्या जगांतील साऱ्या वेली म्हणजे तत्त्वतः एकच वेल. हातोहात, काडीकाडीनें पुढें चाललेली. ज्या वर्षीं ती काडी कापावयास कोणाचाच हात पुढें येत नाहीं, त्या वर्षापासून त्या वेलीचा शेवट सुरू होतो. आंब्याची कोय किंवा ज्वारीचें कणीस चुकूनमाकून कोठेंतरी उगवेल. द्राक्षाच्या वाणास असा चुकून मिळणारा पुनर्जन्म नाहीं.

भोकरीची काडी कापावयाचा हात कां थांबला, तें आतां पाहूं. १९६० सालीं महाराष्ट्रांतील द्राक्ष बागाईतदारांचा संघ स्थापन झाला आणि त्याच दशकांत दोन नवे वाण बागांत वेगानें पसरले. एक हैदराबादेकडून आलेलें अनाबेशाही, दुसरें अमेरिकेंतून आलेलें थॉम्सन सीडलेस. दुसऱ्यानें तर राज्यच घेतलें. त्यास बीं नाहीं, साल पातळ, गोडी अधिक. पुढें जिबरेलिक आम्लाची फवारणी करून मणी फुगविण्याची युक्ति हातीं आली आणि त्याच्या घडाचें रूपहि पालटलें. खाणाऱ्यानें एकदां बिनबियांचें द्राक्ष तोंडांत टाकल्यावर जाड सालीच्या, बियांच्या भोकरीकडे तो वळेल, अशी अपेक्षा करणें मनुष्यस्वभावास सोडून होईल. बागाईतदारानें जें केलें तें त्याच्या हिताचेंच केलें. त्यास दोष देण्याचा येथें हेतु नाहीं.

या बदलाचें फळ द्राक्ष न पिकणाऱ्या मुलुखांतहि दिसतें. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांतील धनज हें गांव घ्या. कापूस, तूर, सोयाबीन यांचा हा वऱ्हाडी मुलुख. द्राक्षाच्या बागांचे जिल्हे येथून दूर पश्चिमेस राहिले. येथें द्राक्ष येतें तें बाजाराच्या वाटेनें. होळीच्या सुमारास घरांत येणारा तो लांबट हिरवा, बिनबियांचा घड म्हणजेच द्राक्ष, अशी येथील मुलांची समजूत; आणि ती चूकहि नाहीं, कारण दुसरें द्राक्ष त्यांच्यापर्यंत सहसा पोंचतच नाहीं. आंबा म्हटला म्हणजे याच मुलांस हापूस निराळा, केसर निराळा, गांवचा रायवळ निराळा, हें ठाऊक असतें. द्राक्षाच्या बाबतींत मात्र जातिवाचक नांव आणि एका वाणाचें रूप हीं एकजीव झालीं आहेत. वाणांचा ऱ्हास प्रथम बागेंत होतो, मग बाजारांत होतो आणि अखेरीस भाषेंत होतो. आणि भाषेंत झाला म्हणजे त्याची उणीवहि कोणास जाणवत नाहीं.

पण एक गोष्ट विसरतां कामा नये. जें थॉम्सन आपण अमेरिकन म्हणून घेतलें, तें मूळचें आशियांतलेंच. इराणाकडे ज्यास किश्मिश म्हणतात व तुर्कस्तानांत सुलतानिये म्हणतात, तेंच हें द्राक्ष. एकोणिसाव्या शतकांत कॅलिफोर्नियांत तें लावणाऱ्या थॉम्सन नांवाच्या एका गृहस्थामुळें त्यास तें नांव चिकटलें. वायव्येच्या वाटेनें साहेबी आली. पश्चिमेच्या वाटेनें, अर्ध्या पृथ्वीचा फेरा घालून, किश्मिश आली. आणि येथें आल्यावर मराठी शेतकऱ्यानें तिच्यावरहि आपला हक्क सांगितला. तासगांवच्या बाजूस बोरगांवच्या बागेंत एका वेलीवर निराळे, लांबट मणी दिसले. बागाईतदारानें ती काडी वेगळी राखली आणि ‘तास-ए-गणेश’ हा वाण निघाला. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें अशाच दक्ष डोळ्यांनीं ‘सोनाका’ हेरला. पुढें ‘माणिक चमन’ आलें. वेलीवर आपोआप उद्भवणारा असा फरक ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. रोज वेलीशीं बोलणारा मनुष्य लागतो. परक्या द्राक्षास मराठी गांवांचें व माणसांचें नांव मिळालें तें याच सांभाळामुळें. देशीपण कसें घडतें याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा आहे.

तरीहि प्रश्न उरतोच: नवें आलें म्हणून जुनें जावेंच कां? सँटोरिनींत ताज्या द्राक्षाचा व्यापार असता, तर तेथेंहि असिर्टिको टिकलें असतें, असें वाटत नाहीं. तें टिकलें, कारण त्या द्राक्षाचा असा एक उपयोग होता, कीं ज्यांत त्याचें वेगळेपण हाच त्याचा गुण ठरला. खाण्याच्या द्राक्षाचा बाजार सारखेपणा मागतो. युरोपास निर्यात करावयाची तर मण्याचा व्यास मिलिमीटरांत मोजला जातो. मद्याचा व्यवहार उलट वेगळेपणास किंमत देतो. जाड साल, बीं, आंबटपणा या खाण्यांतील उणिवा तेथें उणिवा राहत नाहींत. आपल्याकडे हा उपयोग नव्हता, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर तो नव्यानें उत्पन्न होण्यास वावहि राहिला नाहीं. त्या कायद्यामागील हेतूबद्दल येथें वाद घालावयाचा नाहीं. मद्यानें उद्ध्वस्त झालेलीं घरें ज्यानें पाहिलीं आहेत तो तो हेतु हलका लेखणार नाहीं. इतकेंच म्हणावयाचें, कीं ज्या दशकांत भोकरीस दुसरा एखादा आश्रय हवा होता त्या दशकांत तो तिला मिळाला नाहीं. मनुका आणि बेदाणे यांचा आश्रयहि तिला मिळाला नाहीं. कारण बेदाण्यासहि बिनबियांचेंच द्राक्ष हवें.

आणि मग काळानें आपली थट्टा केली. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांवास, आणि २००० च्या सुमारास नाशिकास द्राक्षमद्याचे कारखाने उभे राहिले. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. पांढऱ्या मद्यासाठीं द्राक्ष हवें होतें. तें आणलें गेलें फ्रान्सांतून: शेनां ब्लां, सोव्हिन्यों ब्लां. हीं द्राक्षें नाशिकच्या लाल मातींत रुळलीं, आणि हिंवाळ्याच्या थंड रात्रीं व कोरडे दिवस त्यांस मानवले. पण तीं लावणाऱ्यानें त्यांस छाटलें कसें? एप्रिलांत खरड, पावसाळ्यानंतर गोडी. म्हणजे द्राक्ष फ्रान्सचें, पण त्यास या भूमींत जगविणारी विद्या भोकरीच्या बागेंत तयार झालेली. दख्खननें पाहुण्या वेलीस आपलें ज्ञान दिलें. आपली वेल मात्र देऊं शकली नाहीं, कारण ती तोंवर बागेंत उरली नव्हती.

भोकरीचें मद्य चांगलें झालें असतें असा दावा येथें करावयाचा नाहीं. कदाचित् तें सामान्यच ठरलें असतें. प्रश्न तो नाहीं. असिर्टिकोची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या होत आली आणि म्हणून त्याचे गुण कळले. भोकरीची तशी परीक्षा होण्याच्या आधींच तिची रजा झाली. जें द्राक्ष पिढ्यान्‌पिढ्या या उन्हांत व या पावसांत टिकलें, त्याच्या अंगीं या हवेस तोंड देण्याचे कोणते गुण होते, हें पडताळावयास तें बागेंत उभें असावें लागतें. आपल्याकडे १९९७ पासून पुण्याजवळ मांजरीस राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि देशोदेशीच्या वाणांचा संग्रह करणें हें अशा संस्थेचें कामच आहे. पण संग्रहांतली वेल म्हणजे ग्रंथालयांतल्या बंद कपाटांतला ग्रंथ. तो सुरक्षित असतो, पण वाचला जात नाहीं. तास-ए-गणेश संग्रहांत निपजलें नाहीं. रोजच्या बागेंत, रोजच्या नजरेखालीं निपजलें. जुन्या वाणांतहि असे कांहीं गुप्त गुण असतील, तर ते पाहणारी नजर बागाईतदाराचीच हवी.

कोसच्या कुंभाची गोष्ट आपण वर पाहिली. बेटाचें नांव घेऊन दुसरीकडचा माल जगभर गेला, आणि अखेरीस दख्खनपर्यंत त्याचे तुकडे येऊन पडले. नांव उरलें, घाट उरला. मूळ द्राक्ष कोणतें होतें याची कोणी विचारपूस केली नाहीं. आज ‘नाशिकचें द्राक्ष’ हें नांवहि जगाच्या बाजारांत गेलें आहे, आणि त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्या नांवाखालीं नाशिकची एक तरी जुनी वेल उभी असावी, एवढी मागणी अवाजवी होणार नाहीं. त्यासाठीं एकरांनीं जमीन लागत नाहीं, सरकारी अनुदानहि लागत नाहीं. नाशिक, जुन्नर, तासगांव येथील प्रत्येक मोठ्या बागाईतदारानें आपल्या मळ्याच्या कडेला भोकरीची आणि पांढऱ्या साहेबीची एकएक ओळ लावली, आणि दर आक्टोबरांत गोडी छाटणीच्या वेळीं तिच्या चार काड्या शेजाऱ्यास दिल्या, तर हें काम होण्यासारखें आहे. वेलीस लागतो तो आधार एवढाच. पूर्वी तो पांगाऱ्यानें दिला होता.